दोरी नसलेली घंटा

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला मेझर्ड ड्रॉइंगसाठी आमच्या गटाला नारोशंकराचं देऊळ मिळालं. इतर गट खूश होते. कुणाला वाडा मिळाला होता, कुणाला सिन्नरचं गोंदेश्वर. आम्ही पाचही जण नाशिकचेच, त्यामुळे आमचं तोंड पडलं. ज्या देवळावरून लहानपणापासून हजार वेळा गेलो, त्याचं काय मोजायचं? पण सकाळी सातला टेप घेऊन गोदेवर उभे राहिलो आणि दोन तासांत कळलं, की आपण हे देऊळ कधी पाहिलेलंच नव्हतं.

शीट तयार झालं तेव्हा मी दारावरची घंटा काढली होती. बारीक रेघा, छान शेडिंग. सरांनी बघितलं, लाल पेन उचललं आणि घंटेवर फुली मारली. म्हणाले, "हलवता येणारी वस्तू ड्रॉइंगमध्ये येत नाही. घंटा हा इमारतीचा भाग नाही. फार तर तुटक रेघेनं दाखव."

नियम बरोबर होता. खुर्ची, समई, दानपेटी मोजणीत येत नाहीत. मी घंटा तुटक रेघेनं काढली, मार्क मिळवले, शीट गुंडाळून कपाटावर टाकलं. त्या फुलीचा राग मात्र मनात राहिला आणि त्या रागापायी मी चार वर्षांनी वसईला गेलो. हा लेख त्या प्रवासाचा आहे. म्हटलं तर एका चर्चचा, म्हटलं तर एका देवळाचा.

नाशिकबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. पंचवटीत गोदावरीच्या काठावर रामेश्वराचं देऊळ आहे. मालेगावचे सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी ते १७४७ मध्ये बांधलं, म्हणून रामेश्वर हे नाव मागे पडलं आणि देवळाला सगळे नारोशंकरच म्हणतात. हाच नारोशंकर झाशीचा सुभेदार म्हणूनही कागदपत्रांत भेटतो. देवळाभोवती किल्ल्यासारखा तट आहे, कोपऱ्यांवर मेघडंबऱ्या आहेत. चारांपैकी एक गोदेच्या पुरानं नेली. आणि तटाच्या मधोमध, दारावर, कमानींच्या छोट्या मंडपीत एक भलीमोठी घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. परंपरा सांगते, की ही घंटा वसईच्या चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली.

आमच्या घरी कुणी मोठ्यानं बोललं की आजी म्हणायची, "झाली सुरू नारोशंकराची घंटा." पूर आला की तिला दोनच प्रश्न पडायचे. दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला? आणि पाणी घंटेला लागलं का? २०१६ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा व्हॉट्सॲपवरही हेच दोन प्रश्न फिरत होते. म्हणजे आमच्या गावाला ही घंटा कानापेक्षा डोळ्यानं जास्त माहीत आहे. (तुमच्या पिढीत 'घंटा' या शब्दाचा जो अर्थ आहे तो मलाही माहीत आहे. हसून घ्या, पुढे जाऊ.)

घंटा चर्चची आहे असं सांगितलं की नवीन नाशिककर विचारतात, "शरणपूरच्या चर्चची का?" नाही. शरणपूर ही इंग्रज मिशनऱ्यांनी १८५०च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती. तिची गोष्ट वेगळी आणि जबरदस्त आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली, त्यांतली काही १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेच्या मोहिमेवर गेली. पुढे नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनची शवपेटी धरणाऱ्यांत होता. त्यावर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं. पण घंटा शरणपूरहून शतकभर जुनी आहे.

तर मला बघायचा होता तो मनोरा, जिथून अशी घंटा उतरवली असेल.

*

नाशिकरोडहून कल्याण, मग दिव्याहून वसईची गाडी. वसईचा किल्ला तुम्ही पाहिला नसेल असं वाटत असेल तर चुकताय. कोल्डप्लेच्या 'हिम फॉर द वीकेंड'च्या व्हिडिओत तो आहे. शिवाय रविवारी गेलात तर दर वीस पावलांवर एक प्री-वेडिंग शूट चाललेलं असतं. पिवळा गाऊन, धूर सोडणारी नळकांडी, "थोडं डावीकडे" ओरडणारा फोटोग्राफर. मागे पार्श्वभूमीला काळ्या दगडाची, छप्पर उडालेली चर्च. मला याचा राग येत नाही. चारशे वर्षांपूर्वी इथे लग्नंच लागत होती.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे पाच वर्षं इथे त्यांचं शहर होतं. गोव्याखालोखाल त्यांचं हे महत्त्वाचं ठाणं. किल्ल्याच्या आत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाचं स्वतःचं चर्च आणि मठ. पण मला हवं होतं ते मठाचं चर्च नव्हे, मात्रिझ. म्हणजे गावाचं मुख्य पॅरिश चर्च, जिथे सामान्य माणसाचं बारसं, लग्न, अंत्यविधी होतो. वसईचं मात्रिझ संत जोसेफच्या नावाचं. १५४६ चं. १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या काळात ते नव्यानं बांधलं गेलं आणि तसा शिलालेखही तिथे आहे.

पॅरिश चर्च समजायला अवघड नसतं. मी देवळं मोजत वाढलो, त्यामुळे देवळाच्या भाषेतच सांगतो. देवळात आपण मंडपातून अंतराळात, अंतराळातून गाभाऱ्याच्या दाराशी जातो. जागा लहान होत जाते, अंधार वाढत जातो आणि शेवटी देव आणि आपण. गर्दी असली तरी दर्शन एकेकाचं. पॅरिश चर्चचं उलट आहे. ते एक लांब, सरळ दालन असतं. सगळं गाव एकाच वेळी आत बसणार, एकाच दिशेला बघणार आणि टोकाला असलेली वेदी सगळ्यांना दिसली पाहिजे. म्हणून मध्ये खांब नकोत, किंवा कमीत कमी हवेत. म्हणून रुंदी तुळईच्या लांबीवर ठरते. म्हणून छत लाकडाचं आणि वर कौलं. वेदीवरचा भाग मात्र लहान असतो, तिथे दगडी कमान टाकायला परवडते. दाराच्या आत लगेच बाप्तिस्म्याची जागा, कारण मूल चर्चमध्ये शिरतं ते तिथूनच. दारावर माळा, तिथे गाणारे उभे राहतात. आणि दर्शनी भिंतीच्या बाजूला मनोरा.

हे कळलं की किल्ल्यातले अवशेष आपोआप वाचता येतात. लाकूड गेलं, कारण लाकूड जळतं, कुजतं आणि उपयोगी असल्यानं लोक घेऊन जातात. म्हणून लांब दालनं आकाशाखाली उघडी आहेत. वेदीवरच्या कमानी काही ठिकाणी अजून टिकून आहेत, कारण दगडी कमान चोरून नेता येत नाही. तिचा एक दगड काढायला गेलात तर बाकीचे तुमच्या डोक्यावर येतात. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर कोरलेली नावं आणि घराण्यांची चिन्हं. तिथे चालताना मी नकळत चपला काढल्या. मग पायाला चटके बसले आणि पुन्हा घातल्या. छप्पर असतं तर बसले नसते.

एक गैरसमज मी इथेच खोडून टाकतो, कारण तो माझाही होता. फोटोंत ही चर्च काळी, उदास, थोडी भुताटकीची दिसतात. ती तशी कधीच नव्हती. ती पांढरी होती. पोर्तुगीज बांधणीत घडीव दगड फक्त नेमक्या जागी वापरतात: कोपरे, दाराखिडक्यांच्या चौकटी, खांब, कमानी. बाकी भिंत ओबडधोबड दगड आणि चुना यांची, तिच्यावर गिलावा आणि वर चुन्याची सफेदी. म्हणजे दुरून बघणाऱ्याला पांढऱ्या भिंतीवर काळ्या दगडाची रेखीव चौकट दिसायची. जवळजवळ रेखाचित्रच. माणूस नांदत असला की दर पावसाळ्यानंतर सफेदी होते. माणूस गेला की आधी सफेदी जाते, मग गिलावा, मग भिंतीचं आतडं दिसायला लागतं. आपण ज्याला वसईचं सौंदर्य म्हणतो ते खरं तर सोललेल्या भिंतीचं सौंदर्य आहे. गोव्यात बॉम जेझुसच्या बासिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात मुद्दाम काढला, जुनं दिसावं म्हणून. तिथला जांभा तेव्हापासून पाऊस पितो आहे. त्या बासिलिकेच्या दर्शनी भागातला बारीक कोरीव दगड मात्र जांभा नाही, बेसाल्ट आहे आणि तो वसईहून जहाजानं नेलेला आहे. जांभ्यावर नाजूक काम टिकत नाही, आपल्या काळ्या दगडावर टिकतं.

'आपला' काळा दगड म्हणालो, कारण तो खरंच एकच आहे. सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. पांडवलेणी त्याच दगडात खोदली, काळारामासाठी रंगराव ओढेकरांनी रामशेजच्या खाणीतून तोच आणला आणि वसईच्या चर्चच्या चौकटीही त्याचाच. फरक हाताळणीचा. आमच्याकडे काळाराम नखशिखांत काळ्या दगडाचा, गिलाव्याचं नाव नाही, दगडच भिंत आणि दगडच दागिना. वसईत दगड म्हणजे भिंतीची किनार.

*

मनोऱ्यात आतून वळत जाणारा अरुंद जिना आहे. पायऱ्या इतक्या झिजलेल्या, की प्रत्येक पायरीच्या मधोमध वाटी झाली आहे. ती वाटी घंटा वाजवायला रोज वर चढणाऱ्यांची, आणि आता सेल्फीवाल्यांचीही. वर गेल्यावर समुद्र, खाडी, ताडाची झाडं आणि किल्ल्याचा सगळा पसारा दिसतो. मनोऱ्याच्या उघड्या कमानींतून भन्नाट वारा येतो.

तिथे उभं राहिल्यावर माझ्यातला विद्यार्थी जागा झाला. मी भिंतीची जाडी हातानं मापली. वीत, वीत, वीत. एवढ्याशा जिन्याला आणि एवढ्याशा खोलीला इतकी जाड भिंत कशाला? मनोऱ्यावर तोफ नाही, छपराचा भार नाही.

उत्तर घंटेत आहे. चर्चची घंटा झुलते. ती आडव्या लाकडी जुवाला बांधलेली असते आणि खालून दोरी ओढली की सगळी घंटा हेलकावे खाते, लोळी तिच्या अंगावर आपटते. काही मण धातू एका बाजूला जातो, थांबतो, उलटा फिरतो. प्रत्येक फेरीला तो भिंतीला आडवा ढकलतो. भिंतीला खाली दाबणारं वजन सोपं असतं, दगडाला ते आवडतं. आडवा धक्का दगडाला सहन होत नाही, आणि इथे तो दिवसातून तीनदा, वर्षानुवर्षं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आंजेलुसची घंटा. शिवाय मिस्सा, लग्न, मयत, वादळ, आग, शत्रूचं जहाज. मनोऱ्याची भिंत जाड आहे ती घंटेच्या हेलकाव्यासाठी. उघड्या कमानी आहेत त्या आवाजासाठी. उंची आहे ती शेवटच्या शेतातल्या माणसापर्यंत पोचण्यासाठी. घड्याळ नसलेल्या गावात हा मनोराच घड्याळ.

म्हणजे मनोरा आधी आणि घंटा नंतर असं घडत नाही. घंटेच्या गरजांना दगडात उतरवलं की मनोरा होतो. सरांची लाल फुली मला तिथे वारा खात असताना आठवली आणि चार वर्षांनी का होईना, वाद जिंकल्याचा आनंद झाला. तो फार वेळ टिकला नाही.

कारण मग घंटा इथून उतरवली कशी, हे डोळ्यांसमोर आलं. जिन्यातून ती येणं शक्य नाही. कमानीतून बाहेर काढून, दोर लावून, भिंतीला घासत खाली सोडली असणार. शाळेत '१७३९, वसईचा विजय' हे एक वाक्य होतं. खरोखर ती दोन वर्षांची मोहीम होती. १७३७ मध्ये ठाणं आणि साष्टी, मग वसईचा वेढा, शेवटी बुरुजांखाली सुरुंग लावून मे १७३९ मध्ये किल्ला घेतला. मराठ्यांचीही माणसं हजारोंनी पडली. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता, तो देऊळ बांधून फेडला. पोर्तुगीज सैन्याला सन्मानानं जाऊ दिलं. काही चर्च चालू ठेवण्याची मुभा दिली. आणि घंटा नेल्या.

नेल्या, पण वितळवल्या नाहीत. याचं मला तेव्हा आणि आताही नवल वाटतं. घंटेचा धातू म्हणजे शंभरात साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथील. तोफेच्या पंचधातूत कथील दहाच्या आसपास लागतं. वर थोडं तांबं घातलं की घंटेची तोफ होते. युरोपात हेच होत आलं. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या घंटा वितळवून नाणी आणि तोफा केल्या. इथे, तोफांची सततची गरज असलेल्या मराठ्यांनी घंटा घंटाच ठेवल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे, नाशिकला आमची.

*

किल्ल्यातली चर्च मेली, किल्ल्याबाहेरची जगली. हे मला वसईला गेल्याशिवाय कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी नंदाखालला गेलो. केळीच्या बागा, विहिरी, फुलांचे मळे आणि मधोमध चर्च. पॅरिश १५७३ पासूनची. पलीकडे पापडीची १५७४ ची. चारशेहून जास्त वर्षं जुनी संस्था, पण इमारत कोवळी दिसते, कारण माणसं तिच्यात रोज येतात. छत गळलं की बदललं, माणसं वाढली की दालन लांबवलं, सण आला की रंग दिला. जी इमारत वापरात असते ती जुनी दिसत नाही. पुरातत्त्वाच्या पुस्तकात तिचा फोटोही सहसा येत नाही.

चर्चच्या आवारात क्रुसाजवळ एक वयस्क गृहस्थ पालापाचोळा झाडत होते. त्यांनी मला वही-टेप घेऊन भिंतीजवळ घुटमळताना पाहिलं आणि बोलावलं. मी नाव, गाव सांगितलं. मग जरा घाबरतच घंटेचं सांगितलं.

"नाशिकला?" ते म्हणाले. "आमच्या देवळाची घंटा?"

देऊळ हा शब्द ऐकून मी थबकलो. ते हसले. "आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, बाळा. आजी म्हणायची, देवळात चल. चर्च हे तुम्हाला कळावं म्हणून."

त्यांच्या पत्नी आल्या तसे ते दोघं आपसात कादोडीत बोलू लागले. ती सामवेदी बोली, ऐकायला मराठी वाटते पण माझ्या हाताला अर्थ लागेना. एवढंच कळलं, की घंटेची बातमी घरात पोचली. त्या मला म्हणाल्या, "जेवूनच जा."

जेवताना मी काकांना विचारलं, "तुम्हाला राग येत नाही? घंटा नेली त्याचा?"

त्यांनी जरा वेळानं उत्तर दिलं. "निर्मळला जाऊन ये. इथून जवळ आहे."

मी गेलो. निर्मळ हे फार जुनं तीर्थ. तिथे शंकराचार्यांची समाधी मानतात, तळं आहे, कार्तिकात यात्रा भरते. पोर्तुगीजांनी तिथली देवळं मोडली होती. ती १७३९ नंतर, मराठ्यांच्या अमलात, पुन्हा उभी राहिली. काकांनी मला इतिहासाचा दुसरा अर्धा भाग वादविवाद न करता, रिक्षाचे पैसे खर्चायला लावून दाखवला. इकडे काही मोडलं, तिकडे काही नेलं, आणि दोन्ही गावं अजून शेजारी शेजारी केळी पिकवताहेत. १७६० मध्ये आंकतिल द्युपेरों हा फ्रेंच अभ्यासक साष्टीतून गेला, तेव्हा मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती उपासना उघडपणे चालू असल्याचं त्यानं पाहिलं. ते वाचताना बरं वाटतं. पण त्यावरून कुणी घंटा नेणं ही सहिष्णुता होती असं म्हणू लागला तर मी त्याच्या बाजूनं उभा राहणार नाही. तो विजयाचा पुरावा होता. देवाला वाहिलेला असला तरी पुरावाच.

*

नाशिकला परतल्यावर मी पहिल्यांदा नारोशंकराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. तेच देऊळ, पण आता मला तिथे एक अडचण सोडवलेली दिसत होती.

देवळात घंटा कुठे असते? मंडपात, छताला साखळीनं टांगलेली, हाताला पोचेल अशी. भक्त येतो, टोल देतो, आपण आल्याची वर्दी देतो. ती घंटा एका माणसाची आणि देवाची. चर्चची घंटा सगळ्या गावाची. एवढी मोठी, गावाला हाक मारायला ओतलेली घंटा देवळाच्या मंडपात टांगायला जागाच नसते. उंचीवर टांगली तर हात पोचत नाही, खाली टांगली तर माणूस जात नाही, आणि आवाज आतल्या आत घुमून कान फुटतात. मग ती कुठे ठेवायची?

प्रत्येक गावानं आपापलं उत्तर काढलं. भीमाशंकरला ती देवळासमोर दोन खांबांमध्ये टांगली आहे. मेणवलीला कृष्णेच्या घाटावर तिच्यासाठी वेगळी दगडी खोली बांधली. नाशिकला तटाच्या दारावर कमानींची मंडपी उभारली: उंच, चारी बाजूंनी उघडी, नदीच्या दिशेला आवाज मोकळा सोडणारी. म्हणजे काय? म्हणजे मनोऱ्याचा वरचा मजला. वसईच्या चर्चचा सगळा मनोरा आला नाही, पण त्याचा घंटा राहते तो तुकडा आला आणि मराठी गवंड्यांनी त्याला मराठी कमानी दिल्या. दगडाचा एक चिराही वसईहून हलला नाही. घंटेनं आपल्याबरोबर आपल्या घराची गरज आणली आणि ज्यांनी ती जिंकली त्यांनाच ते घर बांधावं लागलं.

दुसरीही गोष्ट तेव्हाच दिसली. ही मंडपी हलकी आहे. सडपातळ खांब, मध्ये मोकळी जागा, मात्रिझच्या भिंतीचा जाडजूडपणा कुठेच नाही. कारण इथे घंटा झुलत नाही. ती जागच्या जागी टांगलेली आहे, हलते ती फक्त लोळी. वजन फक्त खाली जातं, आडवा धक्का नाही. म्हणून गवंड्यांना जाड भिंतीची गरजच पडली नाही. दुसऱ्या वर्षाला मी त्या खांबांची जाडी सेंटिमीटरमध्ये मापली होती, आणि ते सडपातळ का आहेत हे मला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

कपाटावरून जुनं शीट काढलं. ट्रेसिंग पेपर पिवळा पडला होता. तुटक रेघेतली घंटा तशीच. मी नवीन ट्रेस टाकला आणि सेक्शन पुन्हा काढला, या वेळी घंटा पूर्ण रेघेनं. सरांना पाठवणार होतो, मग पाठवलं नाही. ते आता निवृत्त आहेत आणि नियम अजूनही बरोबरच आहे.

काकांना मात्र पाठवलं. त्यांनी नंबर दिला होता आणि "घंटेचा फोटो धाड" असं दोनदा बजावलं होतं. फोटो, ड्रॉइंग आणि १७२१ या आकड्याचा क्लोजअप, तिन्ही व्हॉट्सॲपवर टाकले. निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर मात्र संध्याकाळी आलं, व्हॉइस नोट, मागे कोंबडा आरवत होता.

"फोटो बघितला. आमच्या हिलाही दाखवला. घंटा चांगली ठेवली आहे तुम्ही. पण बाळा, दोरी कुठे आहे?"

मी लिहिलं, काका, दोरी नाही. इथे ती झुलवत नाहीत, जागेवरच टांगली आहे.

थोड्या वेळानं त्यांनी एक छोटा व्हिडिओ पाठवला. चर्चचा मनोरा, आतला अंधार, वरून खाली लोंबणारी जाड दोरी आणि ती धरलेले त्यांचे दोन हात. एकदा ओढली. दोरी वर गेली, ते टाचांवर उचलले गेले, मग आवाज आला.

मी तो हेडफोन लावून तीनदा ऐकला.